शेंबूडजंगाचे पारिपत्य

स्वस्ति. ज्या घरी नाकास उसंत नाही आणि रुमालास वाळावयास सवड नाही, त्या घरचे धनी तीर्थरूप यांसी शेंबूडजंगाने कैसे जेरीस आणिले, आणि जिंकत आलेली मोहीम तीर्थरूपांनी आपल्याच हातें कैसी पालथी घातली, आणि मग यश कोणत्या दाराने आत आले, ती हकीकत श्रोत्यांनी नाक शिंकरून, हात धुवून, स्वस्थ बसून ऐकावी. यांत पदरची भर नाही. थोरांची लाज राखावी म्हणून काही गाळलेही नाही. थोरांनी लाज राखण्याजोगे वर्तन केले असते तर गाळण्याचा विचार करता आला असता.

तर दौलत ऐसी: तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक स्वैपाकघर आणि एक सज्जा, तोही इतका अरुंद की वाळत घातलेल्या कपड्यांनी उभे राहावे आणि माणसांनी आत थांबावे. दौलतीचे धनी तीर्थरूप, हुद्दा नगराच्या पाणीखात्यात आरेखक. म्हणजे जमिनीच्या पोटातून कोणता नळ कोठे जातो आणि कोठे गळतो, याचे नकाशे काढावे. शौर्य बेताचे, परंतु नकाशा काढला की निम्मी लढाई मारली ऐसी पक्की समजूत, आणि उरलेली निम्मी दुसऱ्या कोणी तरी मारावी ऐसी त्याहून पक्की. त्यांच्या कुटुंबास कन्येच्या नात्याने मातोश्री म्हणावे. या लिफ्ट तपासणाऱ्या अभियंता. विहिरीसारख्या काळ्या भुयारात उतरावे, पोलादी दोरांस हात लावावा, आणि हा दोर चालेल, तो बदला, ऐसा हुकूम करावा, आणि चाळीस मजल्यांच्या मालकांनी निमूट मान डोलवावी, ऐसा दरारा. घरी त्या थोडके बोलत. तिसऱ्या आजीसाहेब, तीर्थरूपांच्या जन्मदात्या, ज्यांसी प्रत्येक दुखण्याचा इलाज ठाऊक होता आणि एकाही इलाजाचा गुण आठवत नव्हता.

आणि या सर्वांवर ज्यांची अखंड हुकमत, त्या चार वर्षांच्या पिपाणी सरकार. पाळण्यातले नाव निराळे होते. परंतु सर्दी नाकातून छातीत उतरली म्हणजे सरकारांच्या आतून बारीक शीळ वाजू लागे, आणि मामासाहेबांनी एके दिवशी ती ऐकून थट्टेने पिपाणी म्हटले, आणि थट्टेची नावे खऱ्या नावांहून चिवट, ते चिकटले ते चिकटलेच.

युद्धाचे मूळ शिशुवर्गात. हा मुलूख दुरून रमणीय, रंगीत खुर्च्या, भिंतीवर हसरा सूर्य, परंतु आतला बंदोबस्त पाहावा तर एकाच्या नाकातले दुसऱ्याच्या बाहीस, बाहीचे लाकडी ठोकळ्यास, आणि ठोकळा तिसऱ्याच्या तोंडात, ऐसी अव्याहत डाक चालली असे. शेंबूडजंगाने तेथे आपले ठाणे घातले होते. पिपाणी सरकार त्या मुलखात दाखल जाहल्या आणि पहिल्याच आठवड्यात गनीम त्यांच्या दप्तरात बसून घरी आला. मग त्याचा शिरस्ताच पडला. सोमवारी नाक वाहावे, बुधवारी खोकलेराव नामे त्याच्या सरदाराने घशाची वेस गाठावी, शुक्रवारी छातीत शीळ वाजावी आणि दवाखाना. मग चार दिवस तह, आणि सरकार पुन्हा शाळेत, आणि पुन्हा सोमवार. त्यातून अंथरूण झटकले तरी शिंका, पडदा सरकविला तरी शिंका. घरात कोणी "आज बरी दिसते" म्हणण्याची छाती करीना, कारण म्हटले की संध्याकाळी फणफण.

तेव्हा लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंपुढे दरबार भरला. त्यांनी सरकारांच्या पाठीस नळी लावली, पुढून लावली, बाहुलीसही लावली, कारण सरकारांची तैशी अट होती, आणि मग निकाल दिला की, सर्दी तर सगळ्याच पोरांस होते, परंतु हिच्या श्वासाच्या नळ्या हळव्या, त्यात धुळीची ऍलर्जी, सबब साधी सर्दीही छातीत उतरते. हुकूम दोन जाहले. एक, घरातील धूळ कमी करावी. दुसरा, औषधाचा पंप लांब नळकांड्यास जोडून, तोंडावर मुखवटा धरून, रोज सकाळ-संध्याकाळ द्यावा, पोरगी ठणठणीत दिसली तरी द्यावा, आणि आम्ही सांगू तोवर थांबवू नये.

तीर्थरूपांनी पहिला हुकूम दोन्ही कानांनी ऐकिला, कारण त्यात नकाशा होता. दुसरा हुकूम मातोश्रींनी ऐकिला.

घरी येताच तीर्थरूपांनी मोठा कागद पसरून दोन खोल्यांचा नकाशा काढिला, आणि धुळीची ठाणी लाल शाईने दाखविली, आणि वाऱ्याच्या वाटा निळ्या शाईने, आणि कागद भिंतीस लावून पाठीमागे हात बांधून त्यापुढे ऐसे उभे राहिले की आजीसाहेबांस वाटले, नळ फुटला. मग मोहीम सुटली. गालिचा हद्दपार. जाड पडदे हद्दपार. आजीसाहेबांची दुलई, जी त्यांनी स्वहस्ते शिवली आणि स्वहस्ते कधीच धुतली नव्हती, ती भर दुपारी जप्त जाहली, आणि आजीसाहेबांनी त्या दिवसापासून लेकाशी भिंतीमार्फत बोलणे आरंभिले. "भिंती गं, सांग त्याला, म्हातारीला थंडी वाजते म्हणावं." सोंडेचे सफाईयंत्र आणविले, ते सुरू होताच शेजारी कुत्री भुंकू लागली आणि तीर्थरूप त्यावर स्वार होऊन पलंगाखाली शिरले आणि पाठीत उसण भरून बाहेर आले. एवढे जाहले, परंतु कपाटावर त्यांच्या स्वतःच्या जुन्या नकाशांच्या ज्या गुंडाळ्या होत्या, ज्यांवर बोटाने नाव लिहिता यावे, त्यांसी त्यांनी दफ्तरी कागद म्हणून माफी दिली. मातोश्रींनी त्या गुंडाळ्यांकडे एकवार पाहिले. दुसरे दिवशी कपाटावर काही नव्हते, आणि तीर्थरूपांसी विचारावयाचे धैर्य जाहले नाही.

परंतु या मोहिमेतील अत्यंत कठीण प्रसंग ससोजींचा. ससोजी म्हणजे कापडी ससा, एक डोळा गेलेला, कान चघळून बारीक झालेला, सरकारांचा दिवाण आणि उशाचा सोबती. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते की, मऊ खेळण्यांत धुळीचे किडे राहतात, ऐसे खेळणे पिशवीत घालून फ्रीझरात गोठवावे आणि मग धुवावे. सबब ससोजींस बर्फाच्या कोठडीची सजा फर्मावण्यात आली. सरकारांनी रडून घर डोक्यावर घेतले, आणि मग रडून खोकला, आणि खोकून पुन्हा रडणे, तेव्हा मातोश्रींनी मध्ये पडून शिष्टाई केली की, ससोजी कैदेत नाहीत, बर्फाच्या मुलखी स्वारीस गेले आहेत. सरकारांनी अट घातली.

"मग त्याला माझा स्वेटर घाला. आणि टोपी."

मग ससोजी स्वेटर आणि टोपी लेवून, पारदर्शक पिशवीत बसून, स्वारीस निघाले. ही खबर आजीसाहेबांस कोणी दिली नव्हती. दुपारी त्या मटार काढावयास गेल्या, कोठडी उघडली, आणि आतून टोपी घातलेले एकाक्ष तोंड त्यांजकडे पाहत आहे ऐसे पाहून त्यांनी जी आरोळी ठोकली, तिने भिंतीमार्फतचे बोलणे एकदम बंद पडले.

"अरे मेल्या, हे काय शिजवणार आहेस तू?"

येणेप्रमाणे मायलेकांचा समेट जाहला.

दुसऱ्या हुकुमाची लढाई स्वैपाकघराच्या उंबऱ्यावर जुंपली. सरकारांनी तो मुखवटा पाहिला आणि ओठ मिटले, नाक मिटले, डोळे मिटले, आणि कोपऱ्यात पाठ लावून ऐसा मोर्चा धरिला की तीर्थरूपांनी गोडीने, धाकाने, गाणे म्हणून, नाचून, आणि एकदा स्वतः मुखवटा लावून दाखवूनही काही चालेना. एक लाथ तीर्थरूपांच्या हनुवटीस लागली आणि चष्मा ओट्याखाली गेला. आजीसाहेब म्हणाल्या, पोरीस छळता कशाला. मातोश्री कामावरून नुकत्याच आल्या होत्या; हेल्मेट काढिले, हात धुतले, आणि सरकारांपुढे जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि लिफ्टमधल्या बाईच्या आवाजात म्हणाल्या,

"टिंग. दरवाजे बंद होत आहेत. कृपया आत या."

सरकारांनी एक डोळा उघडिला.

"कितव्या मजल्यावर जायचंय?"

"पाचव्या," सरकार म्हणाल्या, आणि बोलावयास तोंड उघडले तोच मुखवटा लागला. "तळमजला," मातोश्री म्हणाल्या, पंप दाबिला. "श्वास घ्या. पहिला मजला. श्वास घ्या. दुसरा मजला." ऐसे करीत लिफ्ट पाचव्या मजल्यास पोचली, दार उघडले, आणि सरकारांनी गच्चीवर काय आहे म्हणून विचारिले. त्या दिवसापासून पंप म्हणजे लिफ्ट जाहली. आणि सरकार सकाळी स्वतःच नळकांडे घेऊन येत आणि मजला सांगत, कधी सातवा, कधी दहावा, आणि आधी टिंग न केल्यास आत येत नसत.

मग महिना लोटला, आणि आणखी एक, आणि शेंबूडजंगाचे बळ ओसरले. नाक वाही, परंतु तेथेच वाही. छातीची वेस त्यास उघडेना. सरकार जिने धावत चढू लागल्या. खात्यात चहाच्या वेळी तीर्थरूपांनी नकाशाची हकीकत इतक्या वेळा सांगितली की, मंडळी कप घेऊन दुसऱ्या दालनात जाऊ लागली. पंपाचे नाव त्या हकीकतीत एकदाही येत नसे.

येथे घात आहे, तो सांगणे प्राप्त. तीर्थरूपांस पंप पहिल्यापासून खुपत होता. बागेत एकदा सरकारांस पंप देताना एका ओळखीच्या गृहस्थाने पाहिले आणि आवाज खाली करून "दमा का हो?" म्हणून विचारिले, आणि तो शब्द तीर्थरूपांच्या काळजात काट्यासारखा जाऊन बसला. त्यातून मामासाहेबांनी कान भरिले की, पंप एकदा लागला की सुटत नाही, आणि आजीसाहेबांनी मान डोलविली. तीर्थरूप शिकलेले गृहस्थ. त्यांनी डॉक्टरीणबाईंस विचारावे की नाही? परंतु विचारिले तर उत्तर मिळते, आणि उत्तर त्यांसी नको होते. त्यांसी बरी झालेली लेक हवी होती. बरी ठेवलेली नको होती.

तशात मातोश्रींस परगावी एका नव्या इमारतीच्या कामावर काही आठवड्यांची तैनाती आली. जाताना त्यांनी तीर्थरूपांच्या हाती पंप दिला आणि एकच वाक्य बोलून गेल्या. "हे चुकवू नकोस." तीर्थरूपांनी मान हलविली. चार दिवस दिला. पाचवे दिवशी उशीर जाहला म्हणून राहिला, आणि काही बिघडले नाही. मग एक दिवस मुद्दाम राहिला, आणि तरी काही बिघडले नाही. मग तीर्थरूपांनी मनसुबा पक्का केला, पंप कपाटात वरच्या फळीवर ठेविला, आणि सरकारांस सांगितले की, लिफ्ट दुरुस्तीस गेली आहे.

"आई दुरुस्त करेल," सरकार म्हणाल्या.

रोज मातोश्रींचा फोन येई आणि त्या पुसत, "पंप?" आणि तीर्थरूप म्हणत, "हो, चालू आहे." दिवस जात होते, सरकार हुंदडत होत्या, आणि तीर्थरूपांची छाती फुगत होती. मातोश्री परत आल्या की त्यांसी सांगावे, पाहा, पंपावाचून पोरगी कैसी ठणठणीत, आणि मातोश्रींनी चकित व्हावे, ऐसा बेत त्यांनी मनात सजविला होता. मातोश्री काय म्हणतील तेही आपणच ठरवून ठेविले होते.

मातोश्रींच्या परतीच्या दिवशी सकाळी सरकारांच्या नाकास पाणी होते. तीर्थरूपांनी रुमाल खिशात खोविला आणि शाळेत सोडिले. शाळेच्या मैदानावर त्या दिवशी पोरांच्या बेडूकउड्या होत्या आणि धूळ उडत होती. दुपारी शिशुवर्गाच्या बाईंचा फोन आला.

"तुम्ही लगेच या. तिला बोलता येत नाहीये."

तीर्थरूप धावले. कैसे धावले, वाटेत काय पाडले, ते त्यांसी पुढे कधीच आठवले नाही. सरकार एका पिवळ्या खुर्चीवर पुढे वाकून बसल्या होत्या. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते. फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती. शीळ वाजत नव्हती, आणि हेच भयंकर होते. बापाला पाहून तिने "बाबा" म्हटले, पण "बा" आणि "बा" यांच्यामध्ये तिला एक श्वास घ्यावा लागला.

येथे पदव्या लिहिण्याचे भान लेखणीस राहिले नाही. मुलगी चार वर्षांची होती आणि तिच्या बापाने तिला उचलली, आणि ती त्याला फार हलकी लागली.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात प्राणवायूचा मुखवटा आला आणि त्यातून औषधाची वाफ आली. पोरगी घाबरली, मुखवटा ओढून काढू लागली, आणि जितकी झगडे तितका श्वास तुटे. परिचारिका म्हणाली, "तिला शांत करा, बाबा. तुम्ही बोला तिच्याशी." तीर्थरूप बोलावयास गेले तर आवाज फाटका निघाला.

"दरवाजे बंद होत आहेत."

पोरीने मुखवट्याच्या आतून मान हलविली. नाही. काही तरी म्हणाली. तीर्थरूपांनी कान लाविला.

"आधी... टिंग."

"टिंग," तीर्थरूप म्हणाले. भर दवाखान्यात, परिचारिकेदेखत, डोळ्यांतून पाणी गळत असता म्हणाले. "टिंग. तळमजला. श्वास घ्या. पहिला मजला." आणि पोरीने मुखवटा सोडून त्यांचे बोट धरिले. मग लिफ्ट हळूहळू वर निघाली. दहाव्या मजल्यावर शीळ वाजू लागली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चांगले आहे, आता हवा आत जाते आहे. त्या शिळेइतका गोड सूर तीर्थरूपांनी जन्मात ऐकला नव्हता. ते थांबले नाहीत. ज्या इमारती अद्याप कोणी बांधिल्या नाहीत, त्यांचेही मजले मोजीत राहिले.

मातोश्री आल्या त्या थेट गाडीवरून, खांद्यावर पिशवी, हातात हेल्मेट. सरकार तेव्हा मुखवटा लावून अर्धवट पेंगत होत्या. मातोश्रींनी तिच्या छातीवर हात ठेविला, जैसा त्या दोरावर ठेवीत, आणि तैसाच राहू दिला. डॉक्टरीणबाईंनी कागद हाती घेऊन पुसले,

"रोजचा पंप नियमित चालू होता ना?"

मातोश्री "हो" म्हणणार तोच तीर्थरूप म्हणाले, "नाही. मी बंद केला होता."

यंत्र फुसफुसत होते. मातोश्रींनी वळून पाहिले.

"मी रोज विचारत होते."

"हो."

"आणि तू रोज हो म्हणत होतास."

"हो. मला वाटलं, आता ती बरी झाली. मग कशाला... सवय लागेल म्हणून."

"माझी एक तरी लिफ्ट पडलेली ऐकलीस का तू?" मातोश्री हळू आवाजात म्हणाल्या. "का पडत नाही? दर महिन्याला आत उतरून आम्ही दोर बघतो, तेल घालतो, म्हणून पडत नाही. आणि कोणी येऊन म्हणालं, पडत तर नाही, मग तेल कशाला, तर त्या माणसाला मी इमारतीत पाऊल ठेवू देईन का?"

तीर्थरूपांपाशी आता नकाशाही नव्हता.

"ती माझी पोरगी आहे," मातोश्री म्हणाल्या. "तुझीही आहे, म्हणून तुला दिला होता पंप." आणि इतके बोलून त्यांनी तोंड फिरविले, आणि खांदे एकदाच हलले. मग डॉक्टरीणबाईंनी दोघांसही बसवून सांगितले की, हा रोजचा पंप नळ्यांची सूज खाली ठेवितो, याचे व्यसन लागत नाही, पुढे पोरगी मोठी होईल तैसा कदाचित कमीही होईल, परंतु तो हुकूम आम्ही देऊ, मामांनी नव्हे. आणि नाक वाहू लागले, शीळ आली, तर काय करावे आणि केव्हा तडक यावे, तेही समजाविले. तीर्थरूपांनी या वेळी दोन्ही कानांनी ऐकिले. एक शंका विचारिली, मग दुसरी, मग जी मूर्खपणाची वाटत होती तीही विचारिली, आणि डॉक्टरीणबाईंनी तिन्हींची उत्तरे दिली, आणि त्यांत कोणी मेले नाही.

सरकार तेथे मुक्काम करून दोन दिवसांनी घरी परतल्या. घरी मसलत बसली आणि फर्मान निघाले ते ऐसे: तीर्थरूपांची सेनापतीपदावरून बरतर्फी, त्यांसी पंपाचा हवालदार नेमावे, त्यांनी रोज दोन वेळा लिफ्ट चालवावी, आणि मातोश्रींनी महिनाभर दाराशी उभे राहून पाहावे. तीर्थरूपांनी फर्मान मस्तकी धरिले. महिना पुरा जाहला तरी मातोश्री दाराशी येऊन उभ्या राहत, आणि तीर्थरूपांस हे बोचे, परंतु तक्रार करण्याची सोय त्यांनी आपल्या हातें बुडविली होती. मग एके दिवशी मातोश्री दाराशी आल्या नाहीत, आतच चहा ढवळीत राहिल्या, आणि तीर्थरूपांनी टिंग जरा मोठ्याने केले.

आजीसाहेबांनी त्या प्रकरणी एक शब्द काढिला नाही. परंतु मामासाहेब भेटीस आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "बघा हं, पंपाची सवय लागते," तेव्हा आजीसाहेब कोचावरून उठल्या.

"तुला सकाळी उठल्याबरोबर चहा लागतो ना? लागली ना सवय? मेलास का? मग गप बस. आणि आधी हात धू, शिंकत आलायस बाहेरून."

ऐसे म्हणून त्यांनी मामासाहेबांस मोरीकडे पिटाळिले, आणि हात धुऊन आले तरी ते नीट धुतले नाहीत म्हणून पुन्हा पिटाळिले.

शेंबूडजंग कायमचा गेला ऐसे नाही. ज्या घरात चार वर्षांचे नाक आहे, तेथून तो कायमचा जात नाही. तो येतो, नाकाच्या उंबऱ्यावर दोन दिवस तळ देतो, बाही खराब करितो, आणि वेस बंद पाहून परत जातो. एकदा दोनदा शीळ वाजली आणि सांगितल्याप्रमाणे इलाज करिता थांबली. तीर्थरूप अद्यापि सरकारांच्या पाठीस कान लावून बसतात आणि सरकार म्हणतात, "बाबा, तुझे कान गार आहेत."

मग एके रविवारी दुपारी दाराची घंटा वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे घड्याळजी, वृद्ध गृहस्थ, शांततेचे भुकेले, ज्यांसी बारीक चाकांचे काम असल्याने डोक्यावर टाचणी पडली तरी सोसत नाही. एका डोळ्यास भिंग तैसेच लटकत होते. आतल्या खोलीत सरकार पलंगावरून जमिनीवर उड्या मारीत होत्या आणि प्रत्येक उडीस आरोळी देत होत्या, आणि आरोळीही साधी नव्हे, पडदा फाडणारी.

"अहो, माझ्या डोक्यावर घोडा बांधलाय की काय तुम्ही?" घड्याळजी कडाडले. "सकाळपासून धाड धाड, धाड धाड! हातातला स्क्रू उडून कुठे गेला, सापडत नाही. एक मिनिट थांबत नाही ही पोरगी. मध्ये श्वास तरी घेते की नाही?"

तीर्थरूपांनी मातोश्रींकडे पाहिले. मातोश्रींनी तीर्थरूपांकडे पाहिले.

"घेते," मातोश्री म्हणाल्या. "घेते हो, काका. चांगला घेते." आणि त्या हसू लागल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या, आणि तीर्थरूपांनी घड्याळजींचा हात दोन्ही हातांत धरून त्यांसी ओढीतच आत आणिले, उत्तम खुर्चीवर बसविले, आजीसाहेबांनी चहा टाकिला, आणि घड्याळजी, जे भांडावयास आले होते, ते भिंग सावरीत या घरातील मंडळींच्या डोक्याविषयी साशंक होऊन बसून राहिले. आत धाड धाड चालूच होती. कोणी थांबविली नाही.

सबब येणेप्रमाणे नोंद करण्यात येते की: पिपाणी सरकारांच्या दंग्याची पहिली तक्रार या दौलतीत रीतसर दाखल जाहली, ती भर बैठकीत सन्मानाने स्वीकारण्यात आली, तक्रारदारांस दोन कप चहा आणि क्षमायाचना पावली, आणि या दिवशी फत्ते जाहली, ऐसे सर्वांनी मानिले, खेरीज घड्याळजींच्या, ज्यांचा स्क्रू अद्याप सापडलेला नाही. येथे लेखणी थांबते, कारण लेखकाचे बिऱ्हाडही खालच्याच मजल्यावर, आणि वरून चुना पडून शाईत कालवला जात आहे.